शंभर प्रयोगांचं सायन्स किट: सामान बरं, पुस्तिका नापास

आधीच सांगून टाकते, पाचपैकी तीन स्टार, आणि ते तिन्ही सामानाला आहेत. पुस्तिकेला वेगळे स्टार द्यायची सोय असती तर अर्धा दिला असता, तोही छपाई छान आहे म्हणून. कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाहीये कारण ओळखीपाळखीतली इतर किटं पण मी उघडून चाळली आणि सगळ्यांची गत साधारण तीच, डब्याचा रंग बदलतो आणि आत तेच सामान, तेच प्रयोग, तीच वाक्यं. त्यामुळे हा एका डब्याचा रिव्ह्यू कमी आणि या सगळ्या प्रकाराचाच जास्त समजा.

डब्यावर लिहिलंय १००+ प्रयोग. मोजायला बसू नका. निळा स्लाइम एक प्रयोग, हिरवा स्लाइम दुसरा, त्यात चमकी टाकली की तिसरा. लिटमस कागद व्हिनेगरमध्ये बुडवला एक, साबणाच्या पाण्यात बुडवला दोन. असं सगळं धरून शंभर होतात, पण ज्याला खरंच प्रयोग म्हणता येईल असे वीस-पंचवीस निघाले तरी खूप झालं. माझी त्याला हरकत नाही, वीस चांगले प्रयोग म्हणजे वर्षभराचा ऐवज आहे.

डब्यावर एक सोनेरी गोल शिक्का पण असतो, 'स्टेम' (म्हणजे सायन्स, टेक्नॉलॉजी, इंजिनिअरिंग, मॅथ्स), 'तज्ज्ञांची पसंती' वगैरे. लोक त्यालाच भुलतात म्हणून यावर जरा बोलायला हवं. खेळण्यांना खरीखुरी स्टँडर्ड्स असतात, युरोपचं ईएन ७१, अमेरिकेचं एएसटीएम एफ ९६३, आंतरराष्ट्रीय आयएसओ ८१२४, आणि ईएन ७१ चा चौथा भाग तर खास केमिस्ट्रीच्या प्रयोगसंचांसाठीच आहे, म्हणजे कुठलं रसायन किती द्यायचं, इशारे काय छापायचे असं सगळं. ते महत्त्वाचं आहेच, पण ते सगळं सुरक्षेचं आहे. आतल्या पुस्तिकेत 'असं का होतं' म्हणून जे छापलंय ते बरोबर आहे का, हे त्यातलं कुठलंच स्टँडर्ड बघत नाही. आणि 'स्टेम' हा शब्द तर हल्ली कोणीही कशावरही छापतं. म्हणजे डब्यातल्या स्क्रूचं टोक किती धारदार चालेल याला नियम आहे आणि पोराच्या डोक्यात काय भरलं जातंय याला नाही!

आता मुद्द्याचं. सगळ्यात जास्त राग मला मेणबत्तीच्या प्रयोगाचा आलाय, कारण तो जवळजवळ प्रत्येक किटमध्ये असतो, कित्येक शाळांत करून दाखवतात, आणि त्याचं कारण बहुतेक ठिकाणी चुकीचंच सांगतात. तुम्हाला माहीतच असेल, ताटलीत पाणी, मधे मेणबत्ती, वरून ग्लास उपडा घालायचा, मेणबत्ती विझते आणि पाणी ग्लासात वर चढतं. पुस्तिका म्हणते मेणबत्तीने ऑक्सिजन संपवला, रिकाम्या जागेत पाणी शिरलं, हवेत ऑक्सिजन २१ टक्के असतो म्हणून पाणी साधारण पाचवा हिस्सा चढतं. किती चोख वाटतं ना ऐकायला? आकडा पण जुळतो.

फक्त एकदा नीट बघा. मेणबत्ती जळत असते तेव्हा पाणी फारसं चढतच नाही, उलट ग्लास घालताना काठाखालून बुडबुडे बाहेर येताना दिसतात. पाणी धावतं ते ज्योत मंद होऊन विझल्यावर. ऑक्सिजन जळून जागा रिकामी होत असती तर पाणी जळता जळता हळूहळू चढायला हवं होतं, विझल्यावर झपकन कशाला चढेल? होतं असं की ज्योतीने हवा तापते, फुगते, थोडी बाहेर निसटते, मग ज्योत विझली की आतली हवा गार होऊन आकसते आणि बाहेरच्या हवेचा दाब पाण्याला आत ढकलतो. ऑक्सिजन पूर्ण संपतही नाही, साधारण १६ टक्के शिल्लक असतानाच मेणबत्ती मान टाकते, आणि जो वापरला जातो त्याचा कार्बन डायऑक्साइड आणि वाफ होते, म्हणजे जागा काही तशी रिकामी राहत नाही. वाफेचं पाणी होतं त्याने थोडा फरक पडतो, पण मुख्य कारण उष्णता.

हे सिद्ध करायला लॅब लागत नाही. माझ्या लेकीने वाढदिवसासारखं दिसावं म्हणून एकाऐवजी तीन मेणबत्त्या लावल्या, ग्लास तोच, आणि पाणी आधीपेक्षा चांगलंच वर गेलं. ग्लासातला ऑक्सिजन तेवढाच होता की! तीन मेणबत्त्यांसाठी तो वाढला नव्हता. तिनेच विचारलं मग पाणी जास्त का आलं, आणि पुस्तिकेकडे याचं उत्तर नव्हतं कारण पुस्तिकेत एकच मेणबत्ती लावायची असते, बाण काढून दाखवलेलं असतं, आणि खाली 'तू शिकलास!' असं कार्टून.

हे मी नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलं तर उत्तरं काय आली, "अगं लहान आहे ती, एवढं खोलात कशाला", "आपणही हेच शिकलो, काही बिघडलं का", आणि एका काकांनी तर लिहिलं की परीक्षेत ऑक्सिजनच लिहायला सांग, नाहीतर मार्क जातील. शेवटचं सगळ्यात खरं आहे आणि सगळ्यात वाईटही. लहान आहे म्हणून सोपं सांगा, मान्य. पण सोपं आणि चूक यात फरक आहे. 'हवा तापली की फुगते, गार झाली की आकसते' हे ऑक्सिजनच्या टक्केवारीपेक्षा सोपंच आहे उलट! आठ वर्षांच्या मुलाला टक्के तरी कुठे येतात?

बरं पुढे.

लिंबाची बॅटरी. चित्रात एक लिंबू, दोन वायरी आणि लखलखणारा एलईडी. घरी केलं की लागत नाही, पोरगं हिरमुसतं, आईबाप म्हणतात किट डुप्लिकेट आहे. किट चांगलं आहे हो, चित्र खोटं आहे. तांब्याची पट्टी आणि जस्ताचा मुलामा असलेला खिळा लिंबात खोचला की साधारण ०.९ व्होल्ट मिळतो, आणि लाल एलईडीला पेटायलाच १.८ च्या आसपास लागतो. निळ्या-पांढऱ्याला तर ३ च्या जवळपास. म्हणजे एका लिंबात होणारच नाही, तीन-चार लिंबं एकापुढे एक जोडायची, लाल एलईडी घ्यायचा, त्याचा लांब पाय तांब्याच्या बाजूला, खोलीत अंधार करायचा, मग मिणमिण दिसतो. करंट इतका कमी असतो की लखलखाट विसराच. पण ती मिणमिण बघताना लेकीचा जो चेहरा होता त्यासाठी सामानाच्या तीनातला एक स्टार आहे.

आणि खाली स्पष्टीकरण काय, तर 'लिंबात वीज असते'. अरे देवा. लिंबाचं काम फक्त मधला रस पुरवणं, ऊर्जा येते ती जस्त झिजतं त्यातून. खिळा बरेच तास खोचून ठेवला आणि मग धुऊन भिंगातून बघितला तर कळतं, चकाकी गेलेली असते. व्होल्टाने १८०० मध्ये पहिली बॅटरी केली ती जस्त, दुसरा धातू आणि मिठाच्या पाण्यात भिजवलेले पुठ्ठे अशी चळत लावून, त्यात लिंबू कुठेच नव्हतं. एवढं एक वाक्य छापायला काय जात होतं? उलट मुलाला लगेच सुचलं असतं की मग मिठाच्या पाण्यावर चालेल का, बटाट्यावर चालेल का, दोन्ही खिळे जस्ताचेच लावले तर काय. (काहीच नाही होत, करून बघा, तोच खरा प्रयोग आहे.)

ज्वालामुखीबद्दल थोडक्यात सांगते, सोडा आणि व्हिनेगर, फेस, लाल रंग, मजा येते, टेबल खराब होतं. पण पानभर आगीची चित्रं काढून ठेवलीत आणि मिश्रणाला हात लावला तर गार लागतं! खरंच, ही अभिक्रिया आजूबाजूची उष्णता ओढून घेते, तापमान काही अंश खाली येतं, थर्मामीटर ठेवला तर स्पष्ट दिसतं. गार पडणारा ज्वालामुखी यापेक्षा भारी गोष्ट मुलाला सांगायला दुसरी कुठली मिळणार? पण किटमध्ये थर्मामीटरच नाही. स्लाइमची चमकी आहे तीन रंगांत, थर्मामीटर नाही. नुसता थर्मामीटर नाही असं नव्हे, मोजायचं काहीच नाही, साधी पट्टी नाही, वजनकाटा नाही, व्होल्ट मोजायला मीटर नाही. आमच्याकडे घरात जुना मल्टिमीटर होता म्हणून वरचा ०.९ चा आकडा बघता आला, नाहीतर 'लागला' आणि 'नाही लागला' एवढ्यावरच थांबलो असतो. माझ्या मते या किटांमधली सगळ्यात मोठी उणीव ही आहे, पुस्तिकेच्या चुकांपेक्षाही मोठी, कारण मोजता आलं असतं तर पुस्तिकेच्या चुका पोरांनीच पकडल्या असत्या.

मायक्रोस्कोप. डब्यावर १२०० पट! प्लॅस्टिकचं भिंग आणि १२०० पट. बघा, प्रकाशाने बघायच्या मायक्रोस्कोपला मुळातच मर्यादा असते, अॅबे नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १८७३ मध्ये मांडली होती, साधारण ०.२ मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जवळचे दोन ठिपके वेगळे दिसतच नाहीत, कितीही मोठं करा. आणि ती मर्यादा पण महागड्या भिंगांची, जी तेलाचा थेंब टाकून वापरतात. खेळण्यातल्या भिंगाने शे-दीडशेच्या पुढे गेलात की चित्र मोठं होतं आणि धूसर होतं, नवीन काहीही दिसत नाही. कमी पटीवर मात्र हा मायक्रोस्कोप खरंच बरा आहे, कांद्याच्या पापुद्र्याच्या पेशी विटा रचल्यासारख्या स्वच्छ दिसतात, आयोडीनचा थेंब टाकला तर मधला ठिपका पण. सतराव्या शतकात लेव्हेनहूक नावाच्या डच माणसाने एकाच छोट्याशा भिंगातून जिवाणू बघितले होते आणि त्याच्या टिकलेल्या भिंगांतलं सगळ्यात चांगलं साधारण २७० पटीचं आहे. म्हणजे १२०० च्या आकड्याला भुलायचं काही कारण नाही. विकत घेताना पट बघू नका, भिंग काचेचं आहे का, फोकसचा स्क्रू सैल नाही ना, आणि खालून प्रकाश नीट येतो का हे बघा. दुर्बिणीचं पण सेम, '५०० पट' लिहिलेली खेळण्यातली दुर्बीण दिसली तर पुढे चला, तिथे समोरच्या भिंगाचा व्यास बघायचा असतो, एका मिलिमीटरला फार तर दोन पट धरा.

प्रिझम काचेचा आहे, चक्क चांगला आहे, उन्हात भिंतीवर मस्त पट्टा पडतो. पण एकच दिलाय. न्यूटनच्या आधीही लोकांना प्रिझममधून रंग दिसत होतेच की, त्यांना वाटायचं काच प्रकाशाला रंगवते. न्यूटनने दुसरा प्रिझम ठेवला, पहिल्यातून आलेला एकच रंग त्यातून सोडला, आणि तो पुढे फुटला नाही, आहे तसाच राहिला, तिथे कळलं की रंग काचेचे नाहीत, प्रकाशातलेच आहेत. म्हणजे खरी गंमत दुसऱ्या प्रिझममध्ये आहे आणि या लोकांनी तोच वाचवला. पुस्तिकेत न्यूटनचा फोटो आहे, डोक्यावर सफरचंदासकट.

लोहचुंबकाच्या पानावर 'चुंबक धातूंना ओढतो' असं आहे. लेक घरभर फिरून आली, तांब्याची वायर नाही, अॅल्युमिनियमची फॉइल नाही, स्टीलचे काही चमचे चिकटले आणि काही नाही. आता सांगा, चुकीचं वाक्य कुठलं आणि चुकीचा चमचा कुठला? लोखंड, निकेल, कोबाल्ट हे नेहमीचे, आणि स्टेनलेस स्टीलचे प्रकार वेगवेगळे असतात, काही चुंबकाला दाद देत नाहीत. ही चमच्यांची वर्गवारी आमच्याकडे आख्खी संध्याकाळ चालली, आणि ती पुस्तिकेतल्या एकाही प्रयोगात नव्हती.

याशिवाय व्हिडिओंसाठी क्यूआर कोड आणि एक अॅप आहे, त्यात 'शंका विचारा' असा एआय मदतनीस. व्हिडिओत प्रत्येक प्रयोग पहिल्या झटक्यात यशस्वी होतो, एकदाही वायर सुटत नाही. एआयबद्दल मी मुद्दाम बघितलं. 'मेणबत्ती लावल्यावर पाणी का चढतं' असं सरळ विचारलं तर त्याने पुस्तिकेचीच ऑक्सिजनवाली गोष्ट सांगितली, आणि 'तीन मेणबत्त्या लावल्या तर जास्त का चढतं' म्हटल्यावर मात्र गाडी उष्णतेवर आली. म्हणजे प्रश्न कसा विचारायचा हे माहीत असेल तर उपयोग आहे, आणि तो प्रश्न सुचायला आधी हातात मेणबत्ती लागते. जे लोक म्हणतात आता एआय आलंय, प्रयोगबियोग कशाला, त्यांना मी एवढंच म्हणेन की तीन मेणबत्त्यांची आयडिया अॅपला नाही, केकची आठवण आलेल्या पोरीला सुचली. आणि जे उलटं म्हणतात की स्क्रीन वाईट, किट आणलं की मूल सायंटिस्ट, त्यांचंही मला पटत नाही. पुस्तिका वाचून पायऱ्या एक ते पाच करायच्या आणि शेवटी छापलेलं कारण पाठ करायचं, यात आणि व्हिडिओ बघण्यात फरक फक्त टेबल पुसण्याचा आहे.

शाळेबद्दल पण तेच म्हणेन. लोक स्टँडर्ड घसरलं म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा अभ्यासक्रम सोपा झाला असं त्यांना म्हणायचं असतं, हा धडा काढला, ते समीकरण काढलं. मला त्याची फार चिंता नाही वाटत. प्रयोगवहीत निरीक्षण आधीच छापून येतं आणि मुलं ते उतरवतात, प्रयोग न करताच, ही खरी घसरण, आणि ती काही आजची नाही. आमच्या वर्गात पण लंबकाची रीडिंगं मागच्या बॅचच्या वहीतून यायची, सगळ्यांची सारखी. लंबक तर या किटमध्ये नाहीये, पण डबा बांधायची दोरी आणि आतला एक नट घेऊन फुकटात होतो. दोरी २५ सेंटिमीटर ठेवा, एक झोका (जाऊन परत येणं) पूर्ण व्हायला जवळजवळ १ सेकंद लागतो, १ मीटर ठेवा, २ सेकंद, म्हणजे लांबी चौपट आणि वेळ दुप्पट. नट एकाऐवजी दोन बांधा, वेळ बदलत नाही, इथे मोठी माणसं पण हमखास चुकतात. फोनवर दहा झोक्यांचा वेळ घ्या आणि दहाने भागा. मग खूप लांबून सोडून बघा, पार ६० अंशांवरून, वेळ थोडा वाढतो, ७ टक्क्यांच्या आसपास. गॅलिलिओला वाटलं होतं वाढत नाही! पुढे हायगेन्स या डच शास्त्रज्ञाने ते नीट केलं. तुमचं पोर गॅलिलिओची चूक पकडू शकतं, दोरी आणि नट घेऊन, आणि हे शंभरात नाही.

तर घ्यावं का? मूल आठ-नऊ वर्षांचं असेल आणि तुमच्यापैकी कोणीतरी शेजारी बसणार असेल तर घ्या. प्रिझम, भिंगं, क्लिपा लावलेल्या वायरी, चुंबक, एलईडी, हे सुटं सुटं गोळा करायला वेळ जातो आणि क्वालिटी ठीकठाक आहे. टेस्टट्यूब प्लॅस्टिकच्या आहेत, गरम काही घालू नका, वाकतात. सोबत एक साधा डिजिटल मल्टिमीटर, एक थर्मामीटर आणि एक कोरी वही आणा. पुस्तिकेतल्या पायऱ्या वाचा आणि 'असं का होतं' वर कागद चिकटवा, आम्ही तेच केलं, वरून लेकीने स्वतःचं कारण लिहिलंय, काही ठिकाणी खोडून दुसरं.

नुसतं गिफ्ट द्यायला म्हणून घेत असाल आणि पुढे कोणी बघणार नसेल तर नका घेऊ, स्लाइमची पाकिटं तेवढी फुटतात. आणि घरात तीन वर्षांखालचं बाळ असेल तर दोन गोष्टी आल्या दिवशीच डब्यातून काढून वर ठेवा, ते छोटे जोरदार चुंबक आणि बटण सेल. बटण सेल गिळला तर अन्ननळीत दोन तासांत भाजू शकतं, आणि एकाहून जास्त चुंबक पोटात गेले तर आतडं मधे चिमटतं, दोन्हीला थेट हॉस्पिटल, घरी वाट बघत बसायचं नाही. आमच्या डब्यात सेलच्या खणाला स्क्रू होता, पण एका नातेवाइकांकडच्या किटमध्ये नुसतं दाबून उघडणारं झाकण होतं, तो डबा त्यांनी परत केला.